अक्कांचा रिफंड

"वाचून दाखव," अक्का म्हणाल्या.

मी कागद ठेवून निळ्या शाईचं पेन त्यांच्यापुढे धरलं होतं, ते तसंच अधांतरी राहिलं. टेबलाभोवती बसलेल्या त्यांच्या तिघा भावांचे हात ताटात थांबले. नानाकाकांनी तर तोंडातला घास चावायचाही सोडला.

"काय वाचायचंय त्यात, अक्का?" अण्णा म्हणाले. "नेहमीसारखी सही कर की."

"करीन की. पण आधी वाचू दे तिला."

ही गोष्ट मंगळवेढ्याची, माझं लग्न होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची. आता तिलाही बरीच वर्षं लोटली. तरी अजून कुणी 'इथं सही करा' म्हणून कागदावर बोट ठेवलं की मला ते जेवणाचं टेबल आठवतं, आणि मी आधी चष्मा लावते.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं ते कायमचं, आणि तेव्हापासून या घराची चूल अक्कांच्या हातात आली. भावांची लग्नं, भावजयांची बाळंतपणं, सगळ्यांची आजारपणं त्यांनीच निस्तरली. घरात अक्कांचा शब्द कुणी मोडत नाही असं आमच्याकडे मोठ्या अभिमानानं सांगत. ते खरंही होतं, कारण अक्का शब्द टाकतच नसत. त्यांच्याकडून सही हवी असली तर त्या पदराला हात पुसत यायच्या, "कुठं?" एवढं विचारायच्या, आणि बोट दाखवाल तिथे गोल अक्षरांत 'गिरिजा कोरे' लिहून परत भाकरी थापायला जायच्या.

आणि सह्या तर त्या दिवसांत बऱ्याच लागत. त्याचं असं झालं, की बायपासला लागून असलेलं घरचं काळं रान भावांनी विकलं. चांगलं मालदांडी ज्वारीचं रान, तिथे आता पेट्रोल पंप उभा आहे. आलेल्या पैशांचे तीन वाटे झाले. एक अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना; ते साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. दुसरा मधल्या बापूकाकांना. त्यांचं सांगोल्यात हार्डवेअरचं दुकान. तिसरा धाकट्या नानाकाकांना. ते सोलापुरात हायस्कुलात मास्तर. आणि गंमत बघा, वेगळे झालेले तिन्ही वाटे पुन्हा एकत्र आले ते अक्कांच्या नावावर.

डोकं बापूकाकांचं. खिळेसुद्धा मोजून विकणारा माणूस तो. ज्येष्ठ नागरिकाला बँक अर्धा टक्का व्याज जास्त देते. शिवाय आपल्या नावावर पैसे ठेवले तर व्याजावर कर भरा. अक्कांना ना पगार, ना पेन्शन. तिघांच्या ठेवी त्यांच्या नावावर टाकल्या तरी व्याज कराच्या मर्यादेत बसत होतं. मग काय, तिघांनी आपापल्या गावच्या बँकेत अक्कांच्या नावानं ठेवी केल्या. जिनं जन्मात स्वतःसाठी चप्पल मागितली नाही, ती बाई कागदोपत्री आमच्या घराण्यातली सगळ्यात श्रीमंत बाई झाली.

फक्त एक करावं लागे. 'माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा कापू नका' असा एक फॉर्म दर वर्षी बँकेत द्यायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर तीन घरं होती. त्या वर्षी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. अण्णांना वाटलं बापूनं फॉर्म भरले असतील. बापूकाकांना वाटलं, नाना मास्तर आहे, फॉर्म भरणं त्याचंच काम. नानाकाकांना वाटलं, थोरले दोघं असताना आपण कशाला पुढे पुढे करा. तिन्ही बँकांनी अक्कांच्या नावानं कर कापून सरकारात भरून टाकला.

कापलेला कर परत मिळवायचा तर आता विवरणपत्र भरायलाच हवं होतं. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात कामाला होते, त्यामुळे ते माझ्या गळ्यात आलं. मी ते संगणकावरून भरलं. तेव्हा त्याच्या पोचपावतीचा एक कागद निघायचा, त्यावर निळ्या शाईनं सही करून तो बंगळुरूला टपालानं धाडावा लागे. सही नाही तर विवरणपत्र नाही, आणि विवरणपत्र नाही तर रिफंड नाही. तो कागद घेऊन मी त्या रविवारी मंगळवेढ्याला आले होते.

त्या रविवारी आणखी एक गोष्ट ठरायची होती, खरं म्हणजे ठरूनच झाली होती. आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला होता आणि दिवाळीनंतर अण्णा आणि सासूबाई आमच्याकडे राहायला येणार होते. मंगळवेढ्याचं घर भाड्यानं द्यायचं. मग अक्कांचं काय? चार महिने पुण्यात, चार महिने सांगोल्यात, चार महिने सोलापुरात.

"म्हणजे कुणावर भार नको आणि अक्कालाही बदल," असं बापूकाकांनी सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं. अक्का तेव्हा शेंगा भाजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अक्का, तुला चालंल न्हवं?" अण्णांनी विचारलं होतं.

"मी इथंच राहिले तर?" अक्का म्हणाल्या होत्या.

"एकटी? आणि कशावर?" बापूकाका हसले होते. ते हसणं वाईट नव्हतं, लहान मुलाचं ऐकून हसावं तसं होतं. विषय तिथेच संपला आणि अक्का शेंगांची टरफलं पाखडायला उठल्या.

तर असं सगळं होऊन आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाई बहिणीकडे बार्शीला गेल्या होत्या, म्हणून वाढायला मी आणि अक्का. मधोमध टोपलीत कडक भाकऱ्या, नेहमीच्या हिरव्या फडक्यात गुंडाळलेल्या. अक्कांची कडक भाकरी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पापडाइतकी पातळ, महिनाभर ठेवली तरी मऊ पडायची नाही, आणि सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी, तेल सुटलेली. तीन भाऊ तीन गावांना पांगले होते, पण प्रत्येकाच्या घरी भाकरी इथूनच जायची.

"वाच की गं," अक्का मला म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. भाऊ जेवत असताना त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते.

कागद इंग्रजीत होता. मी शेवटचा मजकूर जमेल तसा मराठीत करून वाचला. "मी, गिरिजा कोरे, शिवलिंग शेटे यांची मुलगी, गांभीर्यानं जाहीर करते, की माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे या विवरणपत्रात दिलेली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे."

"आप्पांचं नाव हाय त्यात?"

"हो. वडिलांचं नाव लागतंच."

अक्कांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "आणि माहिती काय दिलीस?"

"की या ठेवी तुमच्या आहेत, हे व्याज तुमचं उत्पन्न आहे, त्यावर कर बसत नाही, म्हणून कापलेला कर तुम्हाला परत मिळावा."

"बरं." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "हे खरं हाय का रे?"

अण्णांनी चटणीत बोट फिरवलं. "आता अक्का, कागदापुरतं गं ते."

"कागदापुरतं म्हंजे?"

"म्हंजे सरकारला दाखवायला," बापूकाका म्हणाले. "तुला काय करायचंय? तू सही कर, रिफंड तुझ्या नि अण्णाच्या जॉइंट खात्यावर येतोय. मग आम्ही घेऊ की ज्याचा त्याचा वाटून."

"त्या खात्यावर न्हाई येणार," अक्का म्हणाल्या. "रेणुकाला विचार."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. सासुरवाशिणीकडे असं एकदम सगळ्यांनी पाहिलं की अवघडायला होतं. पण सांगावं तर लागणारच होतं. मी मागच्या खेपेला इथे विवरणपत्र भरायला बसले तेव्हा अक्कांनी विचारलं होतं, पैसे कुठल्या खात्यावर येतात म्हणून. तुम्ही सांगाल त्या, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी, बसवेश्वरांच्या दर्शनाला जाऊ म्हणून त्या मला घेऊन बाहेर पडल्या. दर्शन झालं, आणि येताना आम्ही बँकेत जाऊन एक नवीन खातं उघडून आलो, एकट्या अक्कांच्या नावावर. त्या खात्याचा नंबर मी विवरणपत्रात घातला होता. कशासाठी हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"हे काय नवीन?" बापूकाकांचा आवाज चढला. "अक्का, पैसा आमचा हाय."

"मग मी सही कशी करू? कागद म्हणतोय माझा हाय. खोट्या कागदावर आप्पांच्या नावाखाली सही करू व्हय?"

नानाकाका मास्तरी सुरात म्हणाले, "अक्का, तांत्रिक बाब आहे ती. उगं कशाला..."

"नाना, तू लहान होतास तवा. चड्डीत हिंडत होतास. तुला आठवायचं न्हाई. अण्णाला विचार."

अण्णांनी हात धुवायला उठावं तसं केलं, पण गुडघ्यामुळे त्यांना पटकन उठता आलं नाही.

अक्का कुणावर रागावल्या नव्हत्या. भाकरीला पीठ किती घ्यायचं हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं. "आप्पा गेल्यावर वर्ष उलटलं नव्हतं. मला टांग्यानं कचेरीत नेलं. बायपासच्या रानाचा कागद होता. बहिणीनं हक्क सोडला म्हणून. अण्णा म्हणाला, अक्का, कागदापुरतं हाय, रान काय, घर काय, तुझंच हाय. मला वाचायला येत होतं. पण वाचलं न्हाई. भावाचा कागद वाचून बघायचा असतो व्हय, असं वाटलं. सही केली."

बाहेर गल्लीत कल्हईवाल्यानं हाळी दिली.

"पुढं रान विकलं. तीन वाटं झालं. मी म्हटलं, बघू आता, तो कागद कागदापुरता होता का खरा होता. तर तो खरा निघाला." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. "तो कागद खरा, मग हा खोटा कसा रे, अण्णा?"

अण्णांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. बापूकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यांच्या मनात काय चाललंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. तिन्ही ठेवी अक्कांच्या नावावर. सही त्यांची. बाई उद्या बँकेत जाऊन उभी राहिली तर कोण काय करणार होतं?

"म्हणजे... सगळंच तुझं म्हणतेस का, अक्का?" शेवटी बापूकाकांनी विचारलं. आवाज पार खाली आला होता.

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. "घाबरलास? अरे, कडेवर खेळवलंय तुला. ठेवी तुमच्या. मुदत संपंल तशा उचला, मी सही करीन. पण वाचून. आणि पुढच्या ठेवी आपापल्या बायकांच्या नावानं करा, त्या बी म्हाताऱ्या व्हायला लागल्यात."

नानाकाकांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दाबलं.

"हा रिफंड मात्र माझा. सरकारनं माझ्या नावाचं कापलं, माझ्या नावानं परत देतंय. ह्या जन्मात कुणी मला काही परत दिलं न्हाई, सरकार देतंय तर घेणार मी. मागल्या गल्लीत माळग्यांची खोली रिकामी हाय. पुढं ओटा, मागं न्हाणी. तिचं डिपॉझिट देणार, आणि ज्वारी भरणार. पुण्या-मुंबईला लोक कडक भाकरी इकत घ्यायलेत म्हणं. मी फुकट करायले इतकी वर्षं, आता इकून बघते. मी कुणाकडं चार महिनं येणार न्हाई. मंगळवेढा सोडणार न्हाई."

"अक्का, लोक काय म्हणतील?" अण्णा पुटपुटले. "तीन भाऊ असून बहीण भाकऱ्या विकते..."

"चार-चार महिनं वाटून घेतली असती तर काय म्हणले असते?"

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

"नाना, तुझं अक्षर चांगलंय. लिही," अक्का म्हणाल्या. "आम्ही तिघं भाऊ राजीखुशीनं, कुणाच्या दडपणाखाली न येता, ह्या रिफंडावरचा हक्क सोडतो. तिघांनी सह्या करा. वाचून करा."

नानाकाकांनी खरंच लिहिलं. का कोण जाणे, त्यांनीच सगळ्यांत आधी सही केली. मग बापूकाकांनी. अण्णांनी चष्मा मागितला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. अक्का आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक ताट होतं. ताटात विभूती, आणि तीन नवे सोलापुरी टॉवेल, तीन पांढऱ्या टोप्या.

"सही केल्यावर मानपान करायची रीत हाय आपल्यात," त्या म्हणाल्या. "कचेरीतनं आल्यावर तुम्ही मला साडीचोळी केली होती. आता मी तुम्हाला टॉवेल-टोपी करते."

त्यांनी तिघांच्या कपाळाला विभूती लावली, खांद्यावर टॉवेल टाकले, हातात टोप्या दिल्या. त्यात टोमणा होता का? होता. पण भाऊबीजेला ओवाळावं तितक्या मनापासून त्यांनी ते केलं, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच हातानं करता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"अक्का," नानाकाका हळूच म्हणाले, "ती साडी कसली होती गं?"

"इरकल. चांगली भारी होती. हिरवीगार."

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं. नवरा जाऊन दोन वर्षंही न झालेल्या बहिणीला, त्या काळात, भावांनी हिरवी साडी घेतली होती. मुद्दाम नव्हे. बहिणीला हिरवी साडी द्यायची रीत, म्हणून दुकानातून हिरवी आणली. ती कुणाला द्यायची आहे हे घरात एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मी कुठं नेसणार होते ती?" अक्का टोपलीकडे वळल्या आणि भाकऱ्यांवरचं फडकं सारखं केलं. हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कडेला लाल काठ. "पण सूत चांगलं होतं. भाकरी मऊ पडू देत न्हाई. तुमच्या टोप्या मात्र मी बघून आणल्यात. घालता येतील अशा."

ते फडकं आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं उलगडलं होतं. मीसुद्धा. अण्णा त्या फडक्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी नव्या टॉवेलनं पुसलं.

मग अक्कांनी कागद पुढे ओढला आणि वडिलांच्या नावाखाली सही केली. माझ्याकडे देताना म्हणाल्या, "टपालात तूच टाक. ह्यांच्यात एकाला वाटंल दुसऱ्यानं टाकला."

रिफंड यायला हिवाळा उजाडला. आला तेव्हा अक्कांनी माळग्यांची खोली घेतली, ज्वारीची पोती भरली, आणि पहिल्या महिन्यात बऱ्याच भाकऱ्या मोडल्या, कारण पुण्याला पाठवायचं खोकं कसं बांधायचं हे त्यांना माहीत नव्हतं. तेही त्या शिकल्या. पुढे हाताखाली दोन बायका आल्या. ठेवींची मुदत संपत गेली तशा त्या बोलल्याप्रमाणे सह्या करत गेल्या, प्रत्येक कागद वाचून. बँकेतला साहेब कंटाळायचा, म्हणून त्याला भाकरी न्यायच्या.

सासूबाई गेल्यावर अण्णांचं पुण्यात मन रमेना. फ्लॅटच्या खिडकीत बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, अक्काकडं जाऊन येतो थोडे दिवस. बॅगेत त्यांनी काय काय भरलं ते मी पाहिलं. तळाशी ती पांढरी टोपी होती.

थोडे दिवस म्हणता म्हणता चार महिने होत आले. मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. अक्कांचंही वय झालेलं, वर भाकऱ्यांचा व्याप. मी फोन केला.

"अक्का, अण्णांना न्यायला कधी येऊ? चार महिने झाले, तुम्हाला त्रास होत असेल."

पलीकडे उखळाचा आवाज येत होता. अण्णा कुणाला तरी भाकऱ्या मोजून देत असावेत, त्यांचा आवाजही ऐकू आला.

"अगं," अक्का म्हणाल्या, "भावाची कुणी पाळी लावतं व्हय?"